झटका मशीनची बॅटरी सारखी बसते? मग या चुका टाळा

शेताच्या कुंपणाच्या तारेत झटका सोडणाऱ्या मशीनची टकटक संध्याकाळी नीट ऐकू येते. पहाटे तीनच्या सुमारास ती मंदावते आणि नेमकी तेव्हाच रानडुकरं आत शिरतात. उन्हं वर आली की मशीन पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही. अशा तीन-चार रात्री गेल्या की माणूस वैतागून तालुक्याला जातो आणि नवी बॅटरी आणतो. पुढच्या पावसाळ्यात तीही बसते.

मी काही मेकॅनिक नाही, मल्टिमीटर बाळगणारा शेतकरी आहे. पण आमच्या शिवारातल्या बऱ्याच ‘बसलेल्या’ बॅटऱ्या तपासून पाहिल्या. त्यातल्या थोड्याच म्हाताऱ्या झालेल्या होत्या. बाकीच्या महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिल्या होत्या.

दुपारी व्होल्टेज मोजणं

सगळ्यात मोठी फसगत इथे होते. दुपारी मीटर लावला की १३.५ दिसतात आणि आपण म्हणतो, बॅटरी झकास आहे. तो आकडा सोलर प्लेटचा असतो, बॅटरीचा नव्हे. मोजायचं ते पहाटे, प्लेटवर ऊन पडायच्या आत. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी तेव्हा १२.५ च्या वर असेल तर रात्र तिला जड गेली नाही. १२.२ च्या आसपास म्हणजे साधारण निम्मी उतरली. १२ च्या खाली रोजच जात असेल, तर तिच्या आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसू लागलाय असं समजा. तो थर एकदा घट्ट झाला की कितीही चार्ज करा, बॅटरी लवकर भरल्यासारखी दाखवते आणि लवकरच रिकामी होते.

शंका असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून, तासभर तशीच ठेवून, गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब अर्धा तास लावा. चाळीस एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीची साठवण) धडधाकट बॅटरी एवढ्यानं १२ च्या खाली जात नाही. जी ११ च्याही खाली घसरते ती संपली. दुकानात परत द्या, जुन्या बॅटरीचे पैसे नव्या बिलातून वजा होतात. ॲसिड बांधावर ओतून शिसं भंगारात विकणारे पाहिलेत. त्याच बांधावर शेळ्या चरतात.

गवताचा राग बॅटरीवर काढणं

‘गवत तारेला लागलं म्हणून बॅटरी उतरते’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. साध्या झटका मशीनचं काम वेगळं चालतं. मशीन बॅटरीतून ठरावीक ऊर्जा साठवतं आणि सव्वा-दीड सेकंदाला एकदा तारेत सोडतं. ती ऊर्जा डुकराच्या नाकात गेली काय नि ओल्या गवतातून जमिनीत गेली काय, बॅटरीचा खर्च जवळपास तेवढाच. (लोड पाहून ताकद वाढवणारी काही मशीनं असतात, त्यांची गोष्ट वेगळी.) गवतानं कमी होतो तो तारेवरचा झटका.

म्हणून बॅटरी बदलण्याआधी मशीनवरून कुंपणाची तार सोडवा आणि फेन्स टेस्टर (झटक्याचे व्होल्ट मोजणारं यंत्र) थेट मशीनच्या टोकांवर लावा. तिथे सहा-सात हजार व्होल्ट दिसतात, पण तार जोडताच दोन हजारांवर येतात? मग बॅटरी निर्दोष आहे. फुटलेला इन्सुलेटर, तारेवर पडलेली बाभळीची फांदी किंवा वाळलेली अर्थिंग शोधा. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडल्या की अर्थिंगच्या सळया मातीशी नातं तोडतात. तीन मीटरच्या अंतरानं किमान तीन सळया खोल ठोका, कोरड्या दिवसांत तिथे पाणी घाला. आणि मोटारीची अर्थिंग आयती आहे म्हणून तिला जोडू नका.

हिशेब न करता बॅटरी घेणं

मशीनवर लिहिलेलं असतं की ती किती करंट ओढते. समजा ३०० मिलिअँपिअर. चोवीस तास चालवली तर ७.२ एएच रोज गेले. पावसाळ्यात झड लागली की तीन दिवस ऊन दिसत नाही, म्हणजे साधारण २२ एएच. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणून दुप्पट धरा. ४० ते ४५ एएचची बॅटरी लागते.

आता पुष्कळ मशीनच्या पोटात येते ती ७ एएचची छोटी बॅटरी आठवा. या मशीनवर ती बारा तासांत निम्म्यावर येते. म्हणजे रोज रात्री निम्म्यापर्यंत उतरायचं आणि सकाळी अर्धपोटी उठायचं. ती वर्षभरात गेली तर तिला दोष कसा द्यायचा?

प्लेटचाही हिशेब तसाच. रोजचे ८६ वॅट-अवर परत भरायचे, ढगाळ दिवसात कामाचं ऊन अडीच तास मिळालं आणि वाटेतली तूट धरली, तर ५० वॅटची प्लेट हवी. उन्हाळ्यात २० वॅटवर भागतं म्हणून बरेच जण तीच घेतात, आणि श्रावणात फसतात. प्लेट दक्षिणेकडे तोंड करून, साधारण वीस अंश कलती ठेवा. तुरीच्या एका फांदीची सावली पडली तरी तिचं उत्पादन चांगलंच घसरतं.

गाडीची किंवा उरलेली बॅटरी जोडणं

ट्रॅक्टरची बॅटरी क्षणभर मोठा करंट द्यायला बनलेली असते. तिच्या प्लेटा पातळ. रोज हळूहळू उतरून पुन्हा भरायचं काम जाड, नळीसारख्या प्लेटांच्या ट्युब्युलर बॅटरीचं. नवीला सोबत म्हणून जुनी समांतर जोडणं तर अगदी टाळा. जुनी नवीलाही खाली ओढते.

पाणी, ऊन आणि डबा

पाणी घालायच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, आणि तेही चार्ज झाल्यावर. उतरलेल्या बॅटरीत काठोकाठ भरलं तर चार्ज होताना ॲसिड वर येऊन डब्याचा पत्रा खातं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या झाकण्यापुरतं आधी घाला. एसीचं, आरओचं, पावसाचं पाणी चालतं असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. वरून ॲसिड तर मुळीच घालायचं नाही.

विदर्भात मे महिन्यात ४५ अंश असतात, बंद पत्र्याच्या डब्यात त्याहून जास्त. पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. डबा झाडाखाली नाहीतर प्लेटच्याच सावलीत ठेवा. चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो, म्हणून त्याला जाळी लावलेली भोकं पाडा. जाळी मुंग्यांसाठी आणि पालींसाठी. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी आली तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, पुसा, घट्ट आवळून व्हॅसलिन लावा.

लिथियम आणून जुनाच कंट्रोलर ठेवणं

लिथियम फॉस्फेट बॅटरी हलकी असते आणि खोलवर उतरली तरी तिला फारसा त्रास होत नाही. पण तिला १४.६ च्या वर चार्जिंग चालत नाही, आणि लेड-ॲसिडचे काही कंट्रोलर (प्लेट आणि बॅटरीच्या मधे बसून चार्जिंग सांभाळणारे) अधूनमधून त्याहून वर नेतात. कंट्रोलरमध्ये लिथियमची सेटिंग नसेल तर तोही बदला. ती बॅटरी मीटरवर शून्य दाखवत असेल तर फेकू नका. आतल्या सुरक्षा सर्किटनं तिला बंद केलेलं असतं, योग्य चार्जर लावला की बहुतेकदा जागी होते. पहाटे व्होल्टेज पाहून चार्जचा अंदाज मात्र हिच्या बाबतीत येत नाही. जवळजवळ संपेपर्यंत ती तोच आकडा दाखवते. जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी, मग प्लेट. काढताना उलट.

शेतातच लाइनवर चार्ज करणं

ढगाळ आठवड्यात मोह होतो की विहिरीवरच्या लाइनवर चार्जर लावावा आणि कुंपण चालूच ठेवावं. चार्जरमध्ये बिघाड झाला तर २३० व्होल्ट तारेत येतात. झटका मशीन सेकंदाचा लहानसा अंश झटका देऊन थांबतं, लाइन थांबत नाही. तारेत थेट वीज सोडणं बेकायदाही आहे, आणि त्यात दरवर्षी माणसंही जातात, बहुतेकदा त्याच शेतातली नाहीतर शेजारची. बॅटरी सोडवून घरी आणा, भरा, परत न्या.

हरभरा निघाला की विसरून जाणं

रब्बी उठली की मशीन बंद करून बॅटरी गोठ्यात ठेवली जाते, ती थेट जूनमध्ये आठवते. लेड-ॲसिड नुसती पडूनही उतरते, उन्हाळ्यात जास्त वेगानं. मशीन बंद ठेवा, पण प्लेट आणि कंट्रोलर जोडलेलेच राहू द्या. चोरीच्या भीतीनं घरी आणली असेल तर महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करा. आणि तो हेडलाइटच्या बल्बचा प्रयोग मृगाच्या पंधरा दिवस आधीच उरकून घ्या. पेरणीच्या धांदलीत बॅटरीसाठी तालुक्याला चक्कर मारायला कुणाला वेळ असतो?