मिहानमध्ये नवे आहात? परदेशी शेअर घेण्याआधी थोडं ऐका

2016 साली महाराष्ट्र एक्सप्रेसने मिरजेहून निघालो आणि दुसऱ्या दिवशी नागपूरला उतरलो. दोन बॅगा, मिहानमधल्या (नागपूर विमानतळाजवळच्या उद्योगक्षेत्रातल्या) आयटी कंपनीचं ऑफर लेटर आणि आईने दिलेला भडंगाचा डबा एवढंच सोबत होतं. आता दर जून-जुलैत आमच्या मजल्यावर सांगली, सातारा, नाशिककडची नवी पोरं-पोरी येतात आणि तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

घराचं पटकन सांगतो. मनीषनगर, बेसा, खापरी, परवडेल तिथे घ्या. पाणी नळाचं की बोअरचं ते आधी विचारा. खिडकीबाहेर कूलरला जागा नसेल तर घर कितीही आवडलं तरी सोडा, मे महिन्यात पारा 45 ला टेकला की आठवण येईल. झणझणीत सावजी जेवण पहिल्याच आठवड्यात खाऊ नका, आधी तर्री-पोह्यांवर सराव करा. कोणी 'काय करून राहिला बे' म्हटलं तर तो चिडलेला नाही, तुम्हाला आपलं मानतोय.

पैशाचं मात्र सविस्तर सांगतो. सहा महिन्यांत तुम्हाला दोन माणसं हमखास भेटतील. एक वर्धा रोडवरचा प्लॉट दाखवायला नेईल. दुसरा, बहुधा तुमच्याच टीममधला, म्हणेल की भारतीय शेअर पुरे झाले, आता अमेरिकेत घाल, नॅसडॅक (तिथला तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला शेअरबाजार) घे. दोघांना भेटण्याआधी आमच्या पहिल्या घरमालकांची गोष्ट ऐका.

काकांची काटोलकडे संत्र्याची बाग आणि इतवारीत कापडाचं दुकान. मला वाटायचं, केवढा हुशार माणूस, दोन दोन आधार! मग एका वर्षी फेब्रुवारीत गारपीट झाली, बाग झोडपली गेली आणि त्याच उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, दुकानही ओस पडलं. मी विचारलं, काका, गारा तर शेतात पडल्या, दुकानाला काय झालं? ते म्हणाले, "काहून म्हणजे? बागवालेच माझे गिऱ्हाईक होते जी. त्यांचाच संत्रा गेला तं माझ्याकडे कोण येणार?"

वस्तू दोन होत्या, पण टांगलेल्या एकाच खुंटीला. परदेशी गुंतवणुकीबद्दल मला जे सांगायचं आहे ते सगळं या गोष्टीत आहे.

आता तुमच्या खुंट्या मोजा. पगार रुपयांत येतो खरा, पण तो अमेरिकेतल्या एखाद्या बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या आयटी बजेटातून निघतो. तिकडे हात आखडला की इकडे बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, बसणाऱ्यांची संख्या वाढते. वर्धा रोडचा प्लॉट? तिथले भाव मिहानमध्ये किती नोकऱ्या येणार या आशेवर चालतात. म्हणजे तीच खुंटी. (घ्यायचाच असेल तर आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं रिलीज लेटर, मिळालं आहे का, हा पहिला प्रश्न. 'होऊन जाईल' हे उत्तर धरायचं नाही.) भारतीय शेअरांत आपण ओळखीच्या म्हणून आयटी कंपन्याच घेतो, कारण त्यांच्या कँटीनमध्ये आपण जेवतो. आणि आता त्यावर नॅसडॅक 100, म्हणजे पुन्हा अमेरिकन तंत्रज्ञान. चार वेगळ्या ॲप्समध्ये चार वेगळ्या गोष्टी दिसतात आणि वादळ आलं की चारही एकदम खाली येतात.

हे नुसतं तर्काने म्हणत नाही. मार्च 2000 ते ऑक्टोबर 2002 या काळात नॅसडॅक कंपोझिट सुमारे 78 टक्के पडला आणि जुनी उंची गाठायला त्याला 2015 उजाडावं लागलं. तेव्हा आपल्याकडचे आयटी शेअरही त्याच्या बरोबरीने आपटले होते. त्या काळी नोकरी जाऊन अमेरिकेतून बॅगा भरून परत आलेले आमच्या मिरजेतले दोघं मला आठवतात.

मग बाहेर पैसे घालूच नयेत का? घालावेत, मीही घालतो. जगभरच्या शेअरबाजारांचा जो एमएससीआय एसीडब्ल्यूआय निर्देशांक आहे, त्यात भारताचा वाटा ढोबळमानाने दोन टक्के आणि अमेरिकेचा साठच्या वर. सगळी पुंजी त्या दोन टक्क्यांत ठेवणं हा मोठाच डाव झाला. पण कुठल्याही एका परक्या देशात ठेवणं हासुद्धा डावच. जपानचा निक्केई निर्देशांक डिसेंबर 1989 मध्ये 38,915 वर बंद झाला. ती पातळी त्याने पुन्हा ओलांडली फेब्रुवारी 2024 मध्ये. चौतीस वर्षं! एवढ्यात माणूस नोकरीला लागून निवृत्त होतो.

डॉलरचं कारण मला जास्त पटतं. मी इथे आलो तेव्हा डॉलर साधारण 67 रुपयांना होता, डिसेंबर 2025 मध्ये त्याने 90 ओलांडले. सरासरी काढली तर वर्षाला तीनेक टक्के. पोरांच्या परदेशी शिक्षणासारखा खर्च डोळ्यासमोर असेल तर हे तीन टक्के दरवर्षी तुमच्याविरुद्ध पळतात. आणि संकटात रुपया बहुधा आणखी घसरतो. 2008 मध्ये सेन्सेक्स निम्म्याहून जास्त पडला. अमेरिकेचा एस अँड पी 500 निर्देशांकही लाभांश धरून 37 टक्के पडला, पण त्याच वर्षात डॉलर चाळिशीच्या आतून अठ्ठेचाळिशीच्या पुढे गेला. रुपयांत मोजणाऱ्याचं नुकसान वीस-बावीस टक्क्यांवर थांबलं. म्हणजे बाजार बरोबरच पडले, पण मार सारखा बसला नाही. एवढ्याचसाठी बाहेर जायचं. 'अमेरिका जास्त परतावा देते' एवढ्याच कारणासाठी जाणारा पहिल्या पडझडीत परत येतो.

माझी वाटणी विचाराल तर सहा महिन्यांचा खर्च बँकेत, त्यानंतरच शेअर. शेअरांतल्या पैशाचा पाचवा भाग बाहेर, आणि त्यातला निम्मा अमेरिका सोडून युरोप, जपान वगैरेंत. अमेरिकेचा वाटा मी मुद्दाम कमी ठेवतो, कारण माझी नोकरी हाच माझा सगळ्यात मोठा अमेरिकन शेअर आहे. सरकारी शाळेत शिकवणाऱ्या माझ्या मेव्हण्याने हेच प्रमाण उचलू नये. त्याचा पगार अमेरिकेच्या बजेटावर हलत नाही, त्याने सरळ अख्ख्या जगाचा फंड घेतला तर बिघडत नाही.

आता रस्ते. सगळ्यात सोपा म्हणजे भारतीय म्युच्युअल फंडांच्या परदेशी योजना. रुपयांत घ्यायच्या, रुपयांत विकायच्या, आणि युनिट भारतातले असल्यामुळे परदेशी मालमत्तेची नोंद करावी लागत नाही. गोची एकच. सगळ्या फंड कंपन्यांना मिळून परदेशात किती पैसा नेता येईल याला 7 अब्ज डॉलरची मर्यादा आहे, परदेशी ईटीएफसाठी (शेअरासारखे बाजारात घेता-विकता येणारे फंड) वेगळी 1 अब्जाची. 2022 च्या सुरुवातीला ही मर्यादा भरत आली आणि बाजाराची नियामक असलेल्या सेबीने नव्या पैशाला दार लावलं. तेव्हापासून योजना कधी उघडतात, कधी मिटतात. एसआयपी मध्येच बंद पडली तर घाबरू नका, हे त्यामुळे.

इथेच मी एकदा चांगला फसलो. योजना बंद, म्हणून शेअरबाजारात मिळणारा परदेशी ईटीएफ घेतला. नवी युनिट निघत नव्हती, घेणारे माझ्यासारखे उतावीळ, त्यामुळे शंभर रुपयांच्या मालाला मी एकशे बारा मोजले. पुढे तो जादा भाव विरला आणि तिकडचा बाजार चढूनही माझ्या खात्यात वर्षभर काहीच वाढलं नाही. ईटीएफ घेताना त्याच क्षणाची आय-एनएव्ही (आतल्या शेअरांच्या भावावरून निघणारी युनिटची खरी किंमत) बघा. बाजारभाव तिच्यापेक्षा एक-दोन टक्क्यांहून वर असेल तर ॲप मिटा आणि फुटाळा तलावाला चक्कर मारून या.

दुसरा रस्ता थेट. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली प्रत्येकाला आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. आपल्याला ही मर्यादा आयुष्यात आडवी येणार नाही. पॅन लागतं, बाहेर पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म लागतो आणि थोडा धीर लागतो. माझ्या बँकेच्या शाखेत तो फॉर्म पहिल्यांदा पाहिल्यासारखा तिघांनी फिरवून वाचला, मी तीन खेपा घातल्या. दर वेळी पैसे पाठवताना बँक शुल्क घेते आणि डॉलरच्या दरातही थोडं कापते. म्हणून दरमहा पाच हजार पाठवण्यात अर्थ नाही, सहा महिन्यांचे साठवून एकदम पाठवा.

वर्षात दहा लाख रुपयांच्या वर पाठवलं तर वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस कापला जातो. टीसीएस म्हणजे मिहानमधली ती नव्हे, हा उगमस्थानी गोळा केलेला कर. तो बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. एलआरएसचा पैसा मार्जिन, म्हणजे उधारीवरच्या सौद्यांची अनामत, भरायला वापरता येत नाही. टपरीवर कोणी 'फॉरेक्स ट्रेडिंग'चं ॲप दाखवत असेल तर रिझर्व्ह बँकेने अनधिकृत प्लॅटफॉर्मांची सावधानता यादी काढलेली आहे, ती त्याच्यासमोरच उघडा. आणि नाव यादीत नाही म्हणून ते अधिकृत ठरतं असंही समजू नका.

कराचा भाग कंटाळवाणा आहे, पण खरा घाव इथे बसतो. परदेशी शेअर चोवीस महिन्यांहून जास्त ठेवून विकले तर नफ्यावर 12.5 टक्के, त्याआधी विकले तर तुमच्या स्लॅबप्रमाणे. अमेरिकन लाभांशातून 25 टक्के तिकडेच कापले जातात. करारामुळे ते इथल्या करातून वजा मागता येतात, त्यासाठी वेगळा फॉर्म वेळेत भरावा लागतो. मी पहिल्या वर्षी विसरलो.

परदेशात एक जरी शेअर असला तरी साधं आयटीआर-वन विवरणपत्र चालत नाही. शेड्यूल एफए (विवरणपत्रातला परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरावं लागतं आणि त्याचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. बाकी सगळं एप्रिल ते मार्च, हे एकटंच वेगळं. कंपनीने फुकट दिलेले परदेशी शेअरही यात धरायचे. हे न दाखवल्यास 2015 च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो. स्थावर सोडून एकूण मालमत्ता वीस लाखांपर्यंत असेल तर 1 ऑक्टोबर 2024 पासून या दंडातून सूट आहे, पण माहिती भरण्यातून नाही. आमच्या मजल्यावरच्या दोघांनी 'थोडेसेच आहेत' म्हणून ते सोडलं आणि नंतर सुधारित विवरणपत्रासाठी सीएच्या दारात बसले.

एक गोष्ट ॲपवाले स्वतःहून सांगत नाहीत. अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी नसलेला माणूस गेला आणि त्याच्या नावावर 60,000 डॉलरहून जास्त अमेरिकन शेअर असले तर तिथलं सरकार वारसा कर लावतं, दर 40 टक्क्यांपर्यंत जातो. भारताचा याबाबत अमेरिकेशी करार नाही. आयर्लंडमध्ये नोंदलेले, लंडनच्या बाजारात मिळणारे ईटीएफ घेतले तर ही भानगड टळते, आत कितीही अमेरिकन कंपन्या असोत. शिवाय त्या फंडाला मिळणाऱ्या अमेरिकन लाभांशातून 25 ऐवजी 15 टक्केच कापले जातात. सगळ्या ॲप्सवर हे मिळत नाहीत, शोधावं लागतं. विशीत-पंचविशीत 60,000 डॉलर लांब वाटतात, पण रस्ता पहिल्याच दिवशी नीट निवडला की पुढे सगळं विकून हलवावं लागत नाही.

मी गेलो तर माझं परदेशी खातं कोणाला माहीत होतं? कोणालाच नाही, बायकोलाही नाही. गेल्या दिवाळीत एक कागद मराठीत लिहिला: कुठली कंपनी, खातं कुणाच्या नावावर, कुठल्या ईमेलवर स्टेटमेंट येतं, कोणत्या सीएला विचारायचं. पासवर्ड लिहिला नाही. एक प्रत इथे ठेवली आणि एक मिरजेला, आईच्या गोदरेज कपाटात, दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीखाली.