वाल्व्हच्या रेडिओला वाढीव व्होल्टेजपासून कसं जपावं

आमच्या डिचोलीच्या घरात काकांचा वाल्व्हचा रेडिओ आहे, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीचा, आत काचेच्या नळ्या (वाल्व्ह) असलेला. लाकडी पेटी, समोर कापडी जाळी आणि कोपऱ्यात स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारा हिरवा डोळा. असे सेट गोव्यात अजून बऱ्याच घरांत आहेत आणि ते चालते राहावेत असं मला मनापासून वाटतं. १९५५ ते १९६१ या काळात लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई गोवा मुक्तीसाठी सीमेपलीकडच्या जंगलातून गुप्त नभोवाणी केंद्र चालवत होते. मुक्तीआधीच्या गोव्यात तो आवाज घरात पोचायचा तो रेडिओमुळेच.

पण हे सेट बहुधा २२० व्होल्टवर चालतील अशा बेताने बांधलेले. आज आमच्याकडे रात्री अकरानंतर, वाड्यावरचे पंप आणि एसी बंद झाले की प्लगमध्ये २५० दिसतात. तीस व्होल्टने काय होतंय, असं वाटेल. बहुतेक सेटांत वाल्व्हच्या फिलामेंटला (आतल्या तापणाऱ्या तारेला) ६.३ व्होल्ट हवे असतात, तिथे ७.१ च्या पुढे जातात. ट्रान्सफॉर्मर तापतो, आतलं डीसी सपाट करणाऱ्या जुन्या फिल्टर कंडेन्सरवर ताण येतो आणि आता सहजी न मिळणारा वाल्व्ह लवकर जातो.

सुरुवात मोजण्यापासून करा. साधा डिजिटल मल्टिमीटर एसीच्या ७५० व्होल्टच्या रेंजवर ठेवा आणि रेडिओ ज्या प्लगवर लागतो तिथेच आठवडाभर मोजा: सकाळी, दुपारी, संध्याकाळी आठला आणि झोपण्याआधी. आकडे वहीत लिहून ठेवा. व्होल्टेज सतत चढं आहे, की दिवसभर वरखाली होतंय, हे त्या वहीतूनच कळेल. पुढचं सगळं त्यावर ठरतं, म्हणून ही पायरी गाळू नका. मी ती गाळली होती. फ्रिजसाठी घेतलेला स्टॅबिलायझर सरळ रेडिओला जोडला. त्यातला रिले (आपोआप बदलणारा स्विच) टक्कन बदलला की स्पीकरमध्ये फटाका फुटल्यासारखा आवाज यायचा, आणि व्होल्टेज एका झटक्यात वीस-पंचवीसने उडी मारायचं. हिरवा डोळा दर वेळी दचकल्यासारखा मिटायचा. फ्रिजला ते चालतं, वाल्व्हच्या रेडिओला नाही.

मग प्लग काढून सेटची पाठ बघा. युरोपीय सेटांना बहुतेक वेळा मागे व्होल्टेज निवडायची चकती असते: ११०, १२५, २२०, २४५ असे आकडे. ती २२० वर असेल आणि तुमचे आकडे २४० च्या वर असतील, तर २४५ वर न्या. एक पैसा न घालता अर्धं काम झालं. पाठ उघडलीच आहे तर वाल्व्हवरची अक्षरंही वाचा. ईसीएच ८१, ईएल ८४ असं ‘ई’ने सुरू होत असेल तर सेट बहुधा ट्रान्सफॉर्मरवर आहे. यूसीएच ८१, यूएल ८४ असा ‘यू’ असेल तर सगळी फिलामेंट एकामागोमाग थेट लाइनवर असतात आणि लोखंडी चॅसीवरच (आतल्या सांगाड्यावर) फेज येऊ शकतो. अशा सेटला आधी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सेटला लाइनपासून वेगळा ठेवणारा) लावा. तो लावला तरी चालू सेटच्या आत बोट घालू नका. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून तर मुळीच नाही. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये चार्ज उरतो हे लक्षात असू द्या.

चकती नसेल आणि व्होल्टेज सतत चढंच असेल, तर माझ्या मते सर्वांत चांगला उपाय सर्वांत स्वस्तही आहे. २३० व्होल्ट प्रायमरी (लाइनकडची गुंडाळी) आणि २४ व्होल्ट, १ अँपियर सेकंडरीचा (दुसऱ्या गुंडाळीचा) साधा ट्रान्सफॉर्मर घ्या. प्रायमरी फेज-न्यूट्रलमध्ये लावा आणि सेकंडरी रेडिओकडे जाणाऱ्या फेजच्या वायरमध्ये मालिकेत (वाटेत एकामागोमाग), उलट्या दिशेने. मग २५० मधून साधारण २६ वजा होऊन रेडिओला २२४ मिळतात. रेडिओ ५० वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे पाव अँपियरही नाही. ट्रान्सफॉर्मरवर त्याचा फारसा भार येत नाही. दिशा बरोबर आहे का, ते रेडिओ न जोडता मोजून पाहा. मीटरवर २७६ दिसले तर सेकंडरीची दोन टोकं अदलाबदल करा. फेजमध्ये अर्ध्या अँपियरचा फ्यूज घाला आणि सगळं बंद पेटीत बसवा. हे जोडकाम घरगुती विजेचं आहे. हात बसलेला नसेल तर वायरमनकडून करून घ्या, पण आकृती कागदावर काढून त्याच्या हातात द्या.

हे वजा करणं आहे, स्थिर करणं नाही. चतुर्थीच्या दिवसांत घरोघरी दिव्यांच्या माळा लागतात आणि संध्याकाळी २०५ वर येतं. तेव्हा ते २६ व्होल्ट कमी करून चालणार नाही. म्हणून पेटीवर एक टू-वे स्विच ठेवा: एका बाजूला थेट लाइन, दुसऱ्या बाजूला कमी केलेली.

वहीतले आकडे दिवसभर नाचत असतील तर मात्र स्विच पुरत नाही. तिथे छोटा सर्व्हो स्टॅबिलायझर घ्या. तो उडी न मारता सरकत जुळवून घेतो. दुसरा पर्याय म्हणजे कॉन्स्टंट व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर. तो लाइनमधले झटकेही अडवतो, पण घुमतो, तापतो, आणि साध्या प्रकारात लहरीचा माथा चपटा करतो. फिलामेंटला मग बरोबर व्होल्टेज मिळतं, पण आतलं डीसी कमी पडतं आणि आवाज दबतो. घ्यायचाच तर साइन वेव्ह देणारा घ्या.

जोडणी झाल्यावर ट्रान्सफॉर्मरवरच्या सेटमध्ये डायलच्या दिव्यावर एसी मोजा. तो बहुतेक ट्रान्सफॉर्मरच्या त्याच ६.३ व्होल्टच्या गुंडाळीवर असतो. ६.० ते ६.६ मध्ये आकडा आला की काम जमलं. बरीच वर्षं बंद असलेला सेट मात्र थेट लावू नका. आधी ६० वॉटचा जुना तारेचा बल्ब मालिकेत घालून लावा. बल्ब भगभगून पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. प्लग काढा.

एका गोष्टीवर वरचा कुठलाच उपाय चालत नाही. वादळात माडाचं चुडत तारांवर पडून न्यूट्रल तुटला, तर घरात चारशेच्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं. त्यासाठी बोर्डात जादा व्होल्टेजला तोडणारा कटऑफ बसवून घ्या. आणि मे महिन्यात किंवा ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर आभाळ गडगडायला लागलं की रेडिओचा प्लगही काढा आणि कौलांवरून आलेली एरियलची वायरही.