उन्हाळ्यात गच्चीवर गाण्याची बैठक करताय?

पुण्यात मे महिन्यात गच्चीचा स्लॅब सातपर्यंत तापलेलाच असतो, म्हणून साडेपाचला चार बादल्या पाणी मारा, सुकलं की सतरंज्या अंथरा, नाहीतर बसवत नाही. तबला उन्हात ठेवू नका हां, पुडी, म्हणजे वरचं कातडं, तापली की सूर चढतो आणि वादक बिचारा हातोडी घेऊन ठोकतच बसतो, आमच्याकडे वीस मिनिटं हेच चाललं होतं! पंख्याचा वारा माईकवर नको, फडफड ऐकू येते. स्पीकरची परवानगी आधी काढा, रात्री १० नंतर तो बंद म्हणजे बंद, त्यामुळे शेवटची भैरवी पावणेदहालाच. आणि गल्लीतलाच मुलगा गातोय म्हणून फुकट नको, मानधन आधी ठरवा, पाकीट त्याच रात्री हातात द्या, पन्हं वेगळं.