रेकॉर्ड रूमच्या खिडकीवर नव्याने बसणाऱ्यांसाठी

हॉस्पिटलच्या एम.आर.डी.त, म्हणजे मेडिकल रेकॉर्ड विभागात, मला ११ वर्षं झाली. कोर्सला असताना फाइल कशी लावायची, कोडिंग, म्हणजे आजारांना ठरलेले कोड, कसं करायचं ते शिकवतात. फाइल कोणाला द्यायची नाही, हे खिडकीवर बसल्यावरच कळतं.

रुजू होऊन महिनाही झाला नव्हता. दुपारी एक गृहस्थ आले. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लग्नाचा दाखला, दोघांची आधार कार्डं, सगळं नीट लावलेलं. म्हणाले, "मिसेस इथे ॲडमिट होती. कशासाठी, ते बघायचंय. मी नवरा आहे." मला वाटलं, नवराच तर आहे. नावाची पहिली अक्षरं टाइपही केली होती. तेवढ्यात आमच्या मोठ्या बाईंनी मागून येऊन कीबोर्डवर हात ठेवला आणि शांतपणे विचारलं, "त्यांच्या सहीचं अधिकारपत्र आणलंय का?" गृहस्थ चिडून निघून गेले. त्यांची बायको का ॲडमिट होती, ते मी नंतरही पाहिलं नाही. आजही मला माहीत नाही.

त्या संध्याकाळी बाईंनी मला गर्भपाताच्या नोंदींची पद्धत दाखवली. पेशंट बाईचं नाव फक्त एका ॲडमिशन रजिस्टरमध्ये असतं. केसपेपर, ऑपरेशन थिएटरचं (ओटी) रजिस्टर, फॉलोअपचं कार्ड, सगळीकडे नुसता अनुक्रमांक. संमतीपत्र आणि डॉक्टरांचं मत बंद पाकिटात, वर 'गोपनीय'. हे गर्भपात कायद्याखालच्या २००३च्या नियमांत लिहिलेलं आहे. सज्ञान बाईला गर्भपातासाठी नवऱ्याची संमती लागत नाही. त्या कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर तर डॉक्टरांनी तिचं नाव उघड केलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ज्यांनी हे नियम लिहिले त्यांनी खिडकीवर येणाऱ्या माणसाचा नीट विचार केला होता, असं मला दर वेळी वाटतं.

पेशंटच्या गोपनीयतेचा एकच मोठा कायदा आपल्याकडे नाही. तुकडे आहेत, आणि ते जुळवून घ्यावे लागतात. पाया म्हणजे मेडिकल कौन्सिलचे २००२चे आचारनियम: पेशंटचं गुपित डॉक्टरांनी फोडायचं नाही, अपवाद कोर्टाचा आदेश, एखाद्या ठराविक माणसाला गंभीर धोका, आणि सरकारला कळवायचे आजार. पण हे नियम नोंदणीकृत डॉक्टरांना लागू होतात. वॉर्डबॉय, रिसेप्शन, आपण क्लार्क, आपल्याला ते थेट बांधत नाहीत. हे कळलं तेव्हा मी हादरले होते, कारण फाइल सगळ्यात जास्त वेळ आपल्याच हातात असते.

एचआयव्हीचं मात्र वेगळं. २०१७चा कायदा फक्त डॉक्टरांपुरता नाही. विश्वासाने कळलेली एचआयव्हीची माहिती, कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर, लेखी संमतीशिवाय कोणीच सांगायची नाही. म्हणून फाइलच्या कव्हरवर लाल पेनाने खूण करायची जुनी सवय कुठे दिसली, तर कव्हर बदला आणि इन्चार्जना सांगा. ट्रॉलीवरून फाइल जाताना ती खूण अख्खा वॉर्ड वाचतो. मानसिक आजाराच्या पेशंटसाठीही २०१७चाच स्वतंत्र कायदा आहे. त्यात संमतीशिवाय फोटो किंवा माहिती मीडियाला देण्यावर बंदी आहे.

आता उलटी बाजू, आणि यावर मला मनापासून राग येतो. स्वतःचे कागद मागायला आलेल्या पेशंटलाच "गोपनीय आहे" म्हणून परत पाठवतात. गोपनीयता पेशंटची आहे, हॉस्पिटलची नाही. त्याच २००२च्या नियमांत आहे की पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे. त्यामुळे अर्ज घेतला की आवक क्रमांक आणि वेळ टाकून पोच लगेच द्या.

काही माहिती द्यावीच लागते. टीबी २०१२पासून कळवणं बंधनकारक आहे. घरी आरोग्य कर्मचारी आले म्हणून पेशंट भांडायला येतो, तेव्हा त्याला हे बाजूला घेऊन समजवा. अठरा वर्षांखालची मुलगी गरोदर असेल तर पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवावं लागतं. पण मुलीने आणि पालकांनी सांगितलं तर डॉक्टरांनी तिचं नाव देण्याची गरज नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. पोलीस फाइल मागायला आले तर लेखी पत्र घ्या, त्यावरचा जावक क्रमांक बघा, नेणाऱ्याचा बक्कल नंबर लिहून घ्या. नुसत्या "साहेबांनी सांगितलंय" वर काही द्यायचं नाही, मग साहेब कोणीही असोत.

आणि जिथे कायदा पोचतच नाही, ती जागा मोठी आहे. शेजारच्या कॉटवरच्या पेशंटची सून गावी जाऊन काय सांगते, भाच्याने रिपोर्टचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, यात हॉस्पिटलचा काही संबंध राहत नाही. २०२३चा डेटा संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय, पण घरगुती, वैयक्तिक वापर त्याच्या बाहेर आहे, आणि डिजिटल न केलेला कागदही. मेडिक्लेमच्या फॉर्मवर पेशंटने सही केलेली असते, त्यामुळे कंपनीला कागद जातात; तो फॉर्म काय म्हणतो हे सहीआधी त्याला वाचून दाखवा, दोन मिनिटं लागतात.

म्हणून खिडकीतून आजाराचं नाव मोठ्याने घेऊ नका, नंबराने हाक मारा. लग्नसराईत फोन येतील: "स्थळ आलंय, मुलगी तुमच्याकडे ॲडमिट होती म्हणे, जरा बघून सांगता का?" आवाज बहुतेक वेळा एखाद्या मावशींचा, अगदी मायेचा असतो. एक वाक्य पाठ करून ठेवा: "या नावाचं कोणी आमच्याकडे होतं की नाही, हेही मला सांगता येत नाही." पुन्हा विचारलं तर तेच पुन्हा सांगा, आणि फोन ठेवा.