बोटीचा मागचा अँकर (नांगर) टाकायचा आणि काढायचा कसा
आधी पुढचा अँकर घट्ट बसवा, मग चेन लागते त्याच्या साधारण दुप्पट सोडत मागे जा, तिथे मागचा अँकर टाका आणि पुढची चेन गोळा करत, मागची दोरी सोडत मधे या. दोरी पाण्याच्या खोलीच्या निदान ५ पट, जमलं तर ७ पट. दोरी ढिली असेपर्यंत गिअर न्यूट्रलमधेच ठेवा, प्रोपेलरमधे गुंडाळली की संपलंच, प्लीज हे विसरू नका. वारा आडवा फिरला की दोन्ही अँकरवर जबरदस्त ताण येतो, तेव्हा हट्ट न करता मागच्या दोरीच्या टोकाला फेंडर (बोटीच्या कडेला लावतात तो तरंगणारा फुगा) बांधून सोडून द्या, नंतर उचलता येते. काढताना मागचा आधी, डिंगीतून (छोट्या होडीतून) त्याच्या बरोब्बर वर जाऊन दोरी उभी ओढायची.