समुद्रकाठच्या तंबूंचा पहिला मे: आधी काय काय करून ठेवायचं

किनाऱ्याला लागून वाडी आहे, सुरूंच्या सावलीत मोकळी जागा आहे आणि यंदा मेच्या सुट्टीत पर्यटकांसाठी तंबू लावायचं ठरलंय. तर तंबूंची खरेदी सगळ्यात शेवटी करा. आधी विहीर मोजा. एप्रिल लागला की सकाळी दोरी सोडून पाण्याची पातळी नोंदवा, हंगामात रोज लागेल तेवढं पाणी पंपाने उपसा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी कुठवर भरलं ते बघा. समुद्रात डुंबून आलेला माणूस दिवसातून दोनदा अंगावर गोडं पाणी घेतो, तेव्हा माणशी 100 लिटर धराच. दहा तंबूंत चार-चार माणसं म्हणजे रोज 4,000 लिटर, आणि माडा-पोफळींचं शिंपणं वेगळं. किनाऱ्यालगतच्या विहिरीत गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. उपसा जास्त झाला की खारं वर चढतं, तुमच्या विहिरीत आणि शेजाऱ्याच्याही. विहीर सहा तंबूंना पुरत असेल तर सहाच लावा. टँकरच्या भरवशावर बुकिंग घेऊ नका; मेमध्ये तो आधी गावाला लागतो.

सांडपाण्याचा शोषखड्डा विहिरीपासून जेवढा लांब नेता येईल तेवढा न्या, आणि उताराच्या खालच्या अंगाला. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) हद्दीत तंबू कुठे चालतील याचं लेखी उत्तर, जेवण देणार असाल तर अन्न परवान्याची नोंदणी, हे सगळं पाहुणे यायच्या आधी फाइलला लागलेलं हवं.

मग वर बघा. तंबू माडाखाली फोटोत छान दिसतो, पण नारळ आणि वाळलेली झावळी वारा नसतानाही खाली येते. गडी लावून नारळ उतरवून घ्या, सुकी झावळं तोडून घ्या आणि तरीही तंबू माडाच्या बुंध्यापासून बाजूलाच ठेवा. वाळूत खुंट्या धरत नाहीत. दुपारनंतर पश्चिमेचा वारा उठला की उपटून येतात. पोत्यात वाळू भरून, त्याला दोर बांधून, पोतं हातभर खोल पुरा. तंबूचं तोंड समुद्राकडे असावं असं पाहुण्यांना वाटतं. ते थोडं तिरकं ठेवा, नाहीतर सगळी वाळू अंथरुणात. तंबूच्या चेनमध्ये खार आणि वाळू बसून ती अडकते, म्हणून दर आठवड्याला गोड्या पाण्याने ब्रशने घासा आणि सुकल्यावर मेणबत्ती फिरवा.

समुद्राबाबत मात्र कुणाची भीड धरू नका. भरतीची वेळ रोज फळ्यावर लिहा. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला साधारण तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती, त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, त्या दिवसांत ओढ जास्त. पोहायला कुठे उतरायचं आणि खाडीच्या मुखाशी का नाही, हे पाहुणे आल्या आल्या तोंडी सांगा. नुसती पाटी कुणी वाचत नाही. संध्याकाळनंतर पाण्यात कुणी नाही. पुळणीवर गाडी नाही, कारण ओल्या वाळूत रुतलेली गाडी भरतीआधी निघेलच असं नसतं. पुळणीच्या तोंडाशी आडवं लाकूड टाकून वाटच बंद करा.

वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि पिल्लं उन्हाळ्यातही बाहेर पडतात. पांढऱ्या दिव्यांनी ती समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात. समुद्राच्या बाजूचे दिवे काढाच. वाटेवर कमी उजेडाचे, खाली तोंड केलेले दिवे पुरतात.

रात्री पायात चप्पल आणि हातात बॅटरी हा नियम सगळ्यांना, पोरांना आधी. फुरसं हा विषारी साप आणि विंचू इथले रहिवासी आहेत. जवळच्या आरोग्य केंद्रात स्वतः जाऊन सर्पदंशावरचं प्रतिविष आणि विंचूदंशावरच्या प्राझोसिनच्या गोळ्या आहेत का ते विचारून या. विंचूदंशावर हा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केला, त्याने कितीतरी जीव वाचले. 108 च्या रुग्णवाहिकेला कळेल असा रस्त्याचा खुणेसकट पत्ता लिहून स्वयंपाकघरात लावा.

स्वयंपाकाला गावातल्या बायका येणार असतील तर त्यांचा रोज आणि आठवड्याची सुट्टी आधीच ठरवा. पदार्थ मोजके ठेवा: सकाळी घावणे, दुपारी माशाचं जेवण, शाकाहाऱ्यांना फणसाची भाजी नि कुळथाचं पिठलं, सोलकढी सगळ्यांना. महामार्गावरून रात्री उशिरा पोचणाऱ्यांसाठी भात-पिठलं झाकून ठेवलेलं असू द्या.

आवरायची तारीख हंगाम सुरू होण्याआधीच ठरवा. पाऊस तळकोकणात जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास येतो, पण 2025 मध्ये तो 25 मे रोजीच देवगडपर्यंत पोचला होता. म्हणून 20 मेनंतरचं बुकिंग घेताना पाऊस आला तर पैसे परत, हे आधीच कळवा. वळवाचा पहिला गडगडाट ऐकू आला की पाहुण्यांना कुठे हलवायचं, ती पडवी किंवा शाळेची खोली बोलून ठेवा. तंबू धुऊन, दोन उन्हं दाखवून, पूर्ण कोरडे झाल्यावरच घडी घाला आणि माळ्यावर तुळईला टांगा. खाली ठेवले तर उंदीर कुरतडतात.