गाडीच्या म्युझिक सिस्टीममधली कुईकुई: ॲम्प बदलण्याआधी या चुका टाळा

गायमुखच्या घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर चढत असते. रेस वाढते, आणि तिच्यासोबत स्पीकरमधली कुईऽऽही वर चढते. गिअर बदलला की खाली उतरते, इंजिन बंद केलं की गायब. बाहेरून ॲम्प (आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर) बसवलेल्या गाड्यांमध्ये हा आवाज इतका सर्रास असतो की बरेच जण ‘असतंच ते’ म्हणून सोडून देतात. पण नीट बसवलेली सिस्टीम गाणं थांबलं की गप्प बसते, मग इंजिन चालू असो वा बंद.

ठाण्यात आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत मित्रांच्या, नातेवाइकांच्या गाड्यांमधले असे आवाज शोधून काढायचं काम मी रविवारी हौसेनं करतो. गाडी माझ्यापर्यंत येते तोवर मालकानं बहुतेक वेळा तीन-चार वस्तू विकत घेतलेल्या असतात. आवाज नेमका कुठून शिरतोय ते न बघता सामान बदलत राहणं, ही सगळ्यात महागडी चूक.

आधी ऐका, मग पाना उचला

रेसबरोबर सूर चढत असेल तर आवाज आल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा आहे. आल्टरनेटर आत एसी तयार करतो आणि डायोड त्याचं डीसी करतात, पण त्या डीसीवर बारीक लहरी उरतातच. बऱ्याच आल्टरनेटरमध्ये १२ पोल (चुंबकाचे ध्रुव) आणि तीन फेज असतात, म्हणजे एका फेऱ्यात ३६ लहरी. इंजिन ८०० आरपीएमवर असताना आल्टरनेटर साधारण २००० आरपीएमनं फिरतो. हिशोब केला तर १२०० हर्ट्झच्या आसपास सूर येतो. म्हणून ती घरघर नसते, शिट्टी असते.

रेस कमी-जास्त केली तरी फरक न पडणारी ‘हिस्सऽऽ’ असेल तर ॲम्पवरचा गेनचा खटका बघा, त्याबद्दल पुढे येईलच. फक्त चालू-बंद करताना ‘धप्प’ होत असेल तर रिमोट वायर, म्हणजे ॲम्पला चालू हो म्हणून सांगणारी बारीक वायर बघा. एफएमवरच खरखर असेल तर डॅशकॅम किंवा मोबाइल चार्जरवर संशय घ्या. सॉकेटमधून पिन उपसा, १००.७ किंवा १०७.१ लावून बघा, उत्तर लगेच मिळतं.

मग व्हॉल्यूम शून्यावर आणा. आवाज तेवढाच राहिला तर तो स्टिरिओच्या व्हॉल्यूमनंतर कुठेतरी शिरतोय: आरसीए केबल (स्टिरिओचा सिग्नल ॲम्पपर्यंत नेणारी), ॲम्प किंवा अर्थिंग (ॲम्पची गाडीच्या बॉडीला जोडलेली मायनस वायर). व्हॉल्यूमबरोबर तोही कमी झाला तर तो त्याच्या आधीच येतोय. ऑक्सला (स्टिरिओच्या केबल खुपसायच्या सॉकेटला) लावलेला मोबाइल त्याच गाडीत चार्जिंगलाही असेल तर चार्जर काढा. या एका कृतीवर कितीतरी गाड्या मी हात काळे न करता परत पाठवल्या आहेत.

पुढची पायरी म्हणजे सगळं बंद करून ॲम्पच्या आरसीए पिना काढायच्या आणि इंजिन पुन्हा सुरू करायचं. पिना काढूनही शिट्टी येतेय? मग ॲम्पचा पॉवर-अर्थ किंवा स्पीकरच्या वायरी तपासा. थांबली? तर चार्जिंगला न लावलेला मोबाइल छोट्या केबलनं थेट ॲम्पला जोडून गाणं लावा. स्वच्छ वाजलं तर ॲम्प निर्दोष आहे आणि दोष स्टिरिओपासून डिकीपर्यंतच्या वाटेत आहे. दहा मिनिटांचं काम, खर्च शून्य.

अर्थिंग ‘लावलंय’ म्हणजे झालं, असं समजणं

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात त्यांच्या गाडीत शिट्टी सुरू झाली. एका दुकानात आरसीए केबल बदलून दिली. दुसरीकडे पॉवरच्या वायरीत फिल्टर बसवला. तिसरीकडे सांगितलं, ॲम्पच गेलाय. काका खाली येऊन म्हणाले, “अरे, नवा ॲम्प घेऊ का? तू सांगशील तसं.” मी म्हटलं, “काका, आधी मला डिकी उघडून द्या.”

मॅट उचललं. ॲम्पची काळी वायर मागच्या सीटखाली गेली होती आणि पत्र्यात मारलेल्या एका बारीक सेल्फ-टॅपिंग स्क्रूखाली दाबली होती. थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं कडं) क्रिम्प केलेलं नव्हतं, तारा नुसत्या पिळून स्क्रूभोवती गुंडाळलेल्या. स्क्रू सोडवला तर खाली गाडीचा मूळ रंग तसाच शाबूत होता आणि रंगाच्या कडेनं तपकिरी गंज धरलेला. म्हणजे ॲम्पचा सगळा करंट त्या स्क्रूच्या आट्यांतून जात होता. कोरडं होतं तोवर चाललं. जुलैत मॅटखाली ओल धरली आणि तेही गेलं.

मी बॅटरीच्या मायनसवरून पाच-सहा मीटरची एक लांब वायर डिकीपर्यंत आणली आणि मल्टिमीटर डीसीवर ठेवून तिच्यात आणि ॲम्पच्या अर्थ टर्मिनलमध्ये लावला. इंजिन चालू, एसी चालू, हेडलाइट चालू, गाणं मोठ्यानं. मीटरवर ०.३८ व्होल्ट. हा आकडा ०.१ च्या आत असायला हवा. मग पॉलिश पेपरनं रंग घासून रुपयाच्या नाण्याहून मोठा चकचकीत पत्रा उघडा केला, थिंबल नीट क्रिम्प केलं, नट-बोल्ट आणि दातेरी वॉशर लावून आवळलं आणि वरून पेट्रोलियम जेली फासली. पुन्हा मोजलं, ०.०४. शिट्टी बंद.

एवढ्याशा व्होल्टनं काय होतं, असं काकांनी विचारलं. हिशोब असा. स्टिरिओचा अर्थ डॅशबोर्डमागे असतो, ॲम्पचा मागे. बॉडीच्या या दोन टोकांमध्ये व्होल्टेजचा फरक पडला की तो भरून काढायला करंट आरसीएच्या बाहेरच्या जाळीतून धावतो. आरसीएवर गाण्याचा सिग्नल पूर्ण आवाजात २ ते ४ व्होल्ट असतो, पण हळू गाणं लावलं की जेमतेम काही मिलिव्होल्ट उरतो. आल्टरनेटरच्या लहरी त्याच्या तोडीस तोड होतात, आणि ॲम्प बिचारा दोन्ही इमानानं मोठं करून देतो.

अर्थची वायर पॉवरच्या वायरीइतकीच जाड हवी आणि शक्यतो अर्ध्या मीटरहून लांब नको. सीटबेल्टच्या बोल्टला ती कधीही लावू नका. तो बोल्ट जीव वाचवण्यासाठी ठराविक ताकदीनं आवळलेला असतो. सीटखालच्या पिवळ्या कपलरनाही हात लावू नका, ते एअरबॅगचे आहेत. नव्या गाड्यांत बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर छोटा सेन्सर असतो. अर्थ थेट त्या टर्मिनलवर घेतला तर सेन्सरचा हिशोब चुकतो, म्हणून जोडणी बॉडीच्याच बाजूला करा.

वायर घेताना एक तार ब्लेडनं खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची आहे. अॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, शिवाय आपल्या खाडीकाठच्या खारट दमट हवेत उघडी टोकं लवकर पांढरी पडतात. मी ती वापरत नाही.

ॲम्प चालू असताना आरसीए काढणं-घालणं

हे दुकानातही होताना बघितलंय. घाईत चालू सिस्टीममध्ये आरसीए उपसतात, पुन्हा खुपसतात. काही स्टिरिओंमध्ये आरसीएच्या अर्थवर अगदी नाजूक फ्यूज असतो, तो या झटक्यात उडतो. एकदा तो उडाला की केबल बदला, ॲम्प बदला, अर्थ घासा, शिट्टी जात नाही. बंद सिस्टीममध्ये मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी सलग असेल तर बीप देणाऱ्या खुणेवर) ठेवून एक पिन स्टिरिओच्या मागच्या आरसीएच्या बाहेरच्या कड्याला आणि दुसरी त्याच्या पत्र्याच्या बॉडीला लावा. बीप यायला हवा. आला नाही तर ते कडं आणि बॉडी वायरच्या तुकड्यानं जोडून इंजिन सुरू करा. शिट्टी गेली तर दोष सापडला. मग स्टिरिओ उघडून दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

सगळा दोष वायर कुठून गेली यावर टाकणं

पॉवरची वायर आणि आरसीए एकाच बाजूनं नेल्या म्हणून आवाज येतो, हे प्रत्येक जण सांगतो. वेगवेगळ्या बाजूंनी न्याव्यात हे खरं, आणि एकमेकींना ओलांडायचं झालं तर काटकोनात ओलांडाव्यात. पण नुसतं तेवढ्यासाठी अख्खी गाडी उघडण्याआधी अर्थ मोजा. शंकाच असेल तर नवी आरसीए तात्पुरती सीटवरून मोकळी टाका आणि ऐका. फरक पडला तरच ट्रिम (आतली प्लास्टिकची पॅनलं) काढायचे कष्ट घ्या.

ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची डबी सगळीकडे मिळते आणि दुकानदार ती पहिल्याच भेटीत पुढे करतात. आत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. आरसीएच्या जाळीतून धावणाऱ्या त्या करंटची वाट, म्हणजे लूप तुटतो, पण स्वस्त डबीत खालचा बासही पातळ होतो. ज्यासाठी सबवूफर घेतला तेच गमवायचं. सगळं तपासून हात टेकले तरच ती लावावी.

गेनला व्हॉल्यूम समजणं

गेन म्हणजे स्टिरिओच्या सिग्नलची ॲम्पशी जुळवणी. तो पूर्ण फिरवला की गाणं मोठं होतं आणि सोबत सगळा कचराही. गेन शून्यावर ठेवा, बास बूस्ट आणि इक्वलायझर सपाट करा, स्टिरिओचा व्हॉल्यूम तीन-चतुर्थांश आणा आणि ओळखीचं गाणं लावून गेन हळूहळू वाढवा. आवाज फाटायला लागला की थोडा मागे या. बस. एवढ्यानं गाणं कमी वाटत असेल तर ॲम्प लहान पडतोय, गेन नव्हे.

आल्टरनेटरला विसरणं

अर्थ उत्तम, आरसीए उत्तम, तरीही शिट्टी? मग आल्टरनेटरचा एखादा डायोड गेलेला असू शकतो. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर एसी व्होल्टवर लावा. ०.१ च्या आत असेल तर ठीक, ०.५ च्या वर गेला तर ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा. इथे एक फसगत होते: स्वस्तातले पिवळे मीटर एसीवर ठेवून बॅटरीला लावले की चक्क २५-२६ व्होल्ट दाखवतात. आल्टरनेटर ठणठणीत असतो. तो मीटर डीसी वेगळा काढू शकत नाही. या चाचणीसाठी बरा मीटर कुणाकडून तरी मागून आणा.

धप्प, आणि कंपनीच्या स्टिरिओवरचा ॲम्प

ॲम्पची रिमोट वायर स्टिरिओच्या पांढऱ्या पट्ट्याच्या निळ्या वायरीवर असावी. नुसती निळी अँटेनाची असते. रिमोट थेट इग्निशनवर घेतला तर ॲम्प स्टिरिओच्या आधी जागा होतो आणि स्पीकर धप्प करतो. कंपनीच्याच स्टिरिओवर ॲम्प बसवत असाल तर स्पीकरची मायनस वायर बॉडीला लावू देऊ नका. आजच्या स्टिरिओत प्लस आणि मायनस दोन्ही वायरींवर बॅटरीच्या साधारण निम्मं व्होल्टेज असतं. एक अर्थ झाली की स्टिरिओची आयसी (आतली चिप) जाऊ शकते.

पॉवरच्या वायरीचा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. याचा आवाजाशी संबंध नाही, पण बोनेट उघडलंच आहे तर बघा. फ्यूज नसलेली जाड वायर इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर (फायरवॉल) घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटते.

आणि बासच्या ठोक्याबरोबर कुठूनतरी खडखड येत असेल तर तो विजेचा आवाजच नाही. नंबर प्लेट, पार्सल ट्रे, दाराचं पॅनल एकेक करून तळहातानं दाबून धरा. जिथे दाबल्यावर थांबतं तिथे ब्यूटाइल शीट (कंप दाबणारी चिकट शीट) किंवा फोमची पट्टी लावा. ही तपासणी घरी पार्किंगमध्येच करा, घोडबंदरच्या खड्ड्यांत सगळंच खडखडतं.

काकांच्या गाडीतला फिल्टर मी काढून टाकला, जुनी आरसीए परत घातली. आता ऑक्टोबरमध्ये, मॅट पूर्ण वाळल्यावर, ते दर वर्षी गाडी माझ्याकडे आणतात. जेली पुसायची, पत्रा चकचकीत आहे ना बघायचं, नट एक पाव फेरा आवळून बघायचा आणि मीटर लावायचा.